आपला ट्रॅक्टर, चोविसाव्या हिश्शाचा



आजची नोंद पिकाची नाही, पण शेतीच्या बाहेरचीही नाही. पोळ्याच्या आधी आपल्या भागात झड लागली होती. वावरात पाय ठरत नव्हता, सोयाबीनमध्ये शिरता येत नव्हते अन् संत्र्यावर फवारा घ्यायची सोय नव्हती. त्या रिकाम्या दिवसांत ओसरीत बसून मी बाजारातला एक प्लास्टिकचा ट्रॅक्टर कापला, भरला, घासला, रंगवला अन् आपल्या घरच्या ट्रॅक्टरसारखा केला. तान्ह्या पोळ्यात तो पाहिल्यापासून अंजनगावातले चार-दोन जण विचारत आहेत की भाऊ, हे कसं केलं. म्हणून मापासकट लिहून ठेवतो. ज्याच्या घरी लेकरू आहे त्याच्या कामी येईल.

आधी कारण सांगतो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना तान्हा पोळा माहीत नसेल. मोठा पोळा श्रावण अमावस्येला, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. लाकडी बैल, पायाखाली पाटी, पाटीला चार चाकं, पुढं दोरी. पोरं बैल सजवून ओढत आणतात, रांगेत उभे करतात, घरोघरी बोजारा मागतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही रीत सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर मोठमोठे लाकडी नंदी मिरवतात, लांबून लोक पाहायला येतात. म्हणजे लहान मापाची वस्तू सजवायची, नटवायची, आपली वेगळी दिसली पाहिजे म्हणून रात्र जागायची, हे आपल्याकडं दोनशे वर्षांचं आहे. शिंगाला बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. प्रत्येक पोराचा बैल वेगळा.

आमचा नातू सात वर्षांचा. त्याच्या बापाचा सागवानी बैल माळ्यावरून काढला, तेल लावलं. पोरगं पाहत राहिलं अन् म्हणते, "आबा, आपल्या घरी बैल कुठी हाय? आपल्या घरी तं ट्रॅक्टर हाय. मंग मी बैल कायले नेऊ?"

याला उत्तर देणं सोपं नाही. गोठ्यातली जोडी विकून चार वर्षं झाली. पोराला नीट आठवतही नाही. बैल का गेले हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सालदार भेटत नाही. ज्वारी गेली, तिच्यासंग कडबा गेला, सोयाबीनच्या कुटारावर जोडी पोसली जात नाही. डवरणीपुरते आठ-दहा दिवस बैल लागतात अन् खायला वर्षभर लागते. हा हिशोब मी त्याला काय सांगू? त्यानं जे रोज पाहिलं ते त्याला न्यायचं होतं, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून गावातून एक ट्रॅक्टर आणून दिला. चाकं फिरणारा, लाल, वर छत, बॉनेटवर उभा सायलेन्सर. पोरानं हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला अन् म्हणते, "हा आपला नाई हाय."

खरंच नव्हता. आपला निळा आहे. संत्र्याच्या बगीच्यात चालतो म्हणून त्याचं छत आपण काढून ठेवलेलं आहे. सायलेन्सर उभा नाही, खालून बाजूला वळवून घेतलेला आहे, कारण झाडं सहा बाय सहा मीटरवर लावलेली असली तरी पंधरा वर्षांची झाडं ओळीत हात पसरतात, अन् उभा सायलेन्सर फांद्या मोडतो, गरम असला तर पानं भाजतो. बॉनेटवर डाव्या अंगाला एक पोचा आहे, वादळात कडूनिंबाची फांदी पडली होती तिचा. बाजारातला ट्रॅक्टर कोणाच्याच वावरातला नसतो. तो आपल्या वावरातला करायचा तर त्याचं अंग बदलावं लागते.

हे काम जगात नवीन नाही. अमेरिकेत एएमटी नावाच्या कंपनीनं १९५८ पासून प्लास्टिक मोटारीचे असे डबे काढले की एकाच डब्यातून तीन तऱ्हेची गाडी बनायची: कारखान्यातून आली तशी, आपल्या मनासारखी बदललेली किंवा शर्यतीची. तिथली पोरं दिवे बदलायची, छत कापून खाली बसवायची, लांबी भरून सांधे बुजवायची. खऱ्या मोटारीचं अंगही आधी मातीतच घडते. जनरल मोटर्समध्ये हार्ले अर्ल या माणसानं १९२७ नंतर मातीच्या नमुन्यावर गाडीचा आकार काढायची पद्धत रुजवली, ती अजून चालू आहे. आपल्या माय-माउल्या पोळ्याला मातीचे बैल करत आल्या, तसंच ते.

अन् आपल्या महाराष्ट्रातलं मोठ्या मापाचं उदाहरण सांगायचं तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. भंगारातल्या वस्तू जोडून त्यांनी जीपसारखी छोटी गाडी केली, किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं अन् २०२२ च्या जानेवारीत त्यांना त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो मिळाली. त्यांनी खरीखुरी गाडी केली, आपण खेळण्याची गोष्ट करतोय. पण नजर एकच लागते: जे समोर आहे ते तसंच का असावं, हे विचारायची.

आता काम.

पहिलं काम मापाचं. खेळण्याचं प्रमाण काढायला दोन चाकांच्या मधलं अंतर मोजावं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. आपल्या ट्रॅक्टरचं भरलं १९२ सेंमी. खेळण्याचं ८ सेंमी. १९२ भागिले ८ म्हणजे २४. एकास चोवीस. हे प्रमाण मोटारीच्या नमुन्यांत नेहमीचं आहे अन् फुटात धरलं तर एका फुटाचा अर्धा इंच होतो, म्हणून आपल्यासारख्याला सोपं.

मग नातवाला टेपचं एक टोक धरायला दिलं अन् झडीतच ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसून सगळं मोजलं. वहीत दोन रकाने: खरं माप अन् भागिले २४. मागचं चाक १३२ सेंमी, म्हणजे साडेपाच. खेळण्याचं ५.४ होतं, चालते. पुढचं चाक ७३, म्हणजे तीन सेंमी. खेळण्याचं ३.६ होतं. ते तसंच ठेवलं, कारण बदललं असतं तर नाक खाली झुकलं असतं. बॉनेट १५० सेंमी, म्हणजे सव्वासहा. खेळण्याचं साडेपाचच. साडेसात मिलीमीटर वाढवायचं होतं.

दुसरं काम प्लास्टिक ओळखायचं. सगळं प्लास्टिक एक नसते अन् इथंच बहुतेकांचं काम फसते. आपण बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे वर काढतो ना, तशीच परीक्षा. खेळण्याच्या आतल्या बाजूचा नखाएवढा तुकडा कापावा, साध्या पाण्यात टाकावा, बोटानं बुडवून बुडबुडे जाऊ द्यावे. तरंगला तर तो बादली-टोपल्याच्या जातीचा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. त्याला साधा गोंद धरत नाही, रंगही सोलून निघतो. तो सोडून द्यावा. बुडाला तर बहुधा स्टायरीन किंवा एबीएस. मग त्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाकावा. जागा चिकट झाली तर समजावं की हे प्लास्टिक कापता येते, जोडता येते, भरता येते. आपला बुडाला अन् चिकट झाला.

वाढवायला पत्रा पाहिजे. शहरात त्याचे तयार पत्रे मिळतात. आपल्या घरी मिरचीच्या रोपांचे फाटके प्रो-ट्रे पडलेले असतात. त्यांची हीच परीक्षा घ्या. आमच्याकडचे काळे प्रो-ट्रे बुडाले अन् चिकटही झाले. कडेच्या सपाट पट्ट्या कापून घेतल्या. दह्याचे तीन कप टाकून पाहिले, दोन तरंगले, एक बुडाला. कपाचं नाव पाहू नका, पाणी सांगेल ते ऐका.

तिसरं काम कापाकापी. छताचे चार खांब बारीक दाताच्या करवतीनं कापले, बुडाशी थोडे शिल्लक ठेवून कानशीनं सपाट केले. एकदम बुडातून कापलं की अंगाला खड्डा पडतो. उभा सायलेन्सर काढला, भोक राहिलं. बॉनेट मधोमध आडवं कापलं, दोन भागांत साडेसात मिलीमीटरची फट ठेवली अन् आतून प्रो-ट्रेची पट्टी लावून जोडलं. वरून त्याच पट्टीचा तुकडा बसवला.

जोडायला मी पीव्हीसी पाइपचं सोल्युशन वापरलं, ड्रिपची लाइन जोडतो तेच. ते या प्लास्टिकलाही विरघळवून धरते. पण जपून. ब्रशनं नाही, माचिसच्या काडीच्या टोकानं, ठिपका-ठिपका. जास्त झालं तर पातळ पट्टी मऊ पडून बसते. चोवीस तास हात लावायचा नाही.

चौथं, भोकं अन् सांधे भरणं. सगळ्यात चांगली लांबी त्याच प्लास्टिकची होते. कापलेले तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये टाकून ठेवले, रात्रीतून मधासारखं दाट झालं. ते भोकात भरलं. वाळताना हे आकसते, म्हणून एकदम ढीग भरायचा नाही, दोन-तीनदा थोडं-थोडं. बारीक ओरखड्यांना आमच्या इथल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या भाऊंनी त्यांच्या ट्यूबमधली मोटारीची पुट्टी दिली. घाई असली तर फेविक्विक टाकून वर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरायचा, लगेच दगड होते. पण तो दगड बाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक राहते, घासताना बाजूचं जास्त निघते अन् तिथं उंचवटा राहते. म्हणून मी तो फक्त आतल्या बाजूला वापरला.

अ‍ॅसिटोन पेटते. चुलीजवळ, उदबत्तीजवळ नको. अन् बाटली लेकराच्या हाताला येईल अशी नको.

पाचवं, पोचा. याची मला गंमत वाटली. मी बॉनेट सरळ, नवंकोरं करत होतो. पोरगं म्हणते, "आबा, पोचा राहिला." मी म्हटलं, "अरे, नवा दिसू दे ना." "मंग तो आपला कसा?" बरोबर होतं. चमचा गॅसवर तापवला, बॉनेटच्या वरच्या बाजूला ओला फडका लावला अन् पोच्याच्या कडेकडेनं आतून गरम चमच्याची पाठ टेकवून थोडं मऊ केलं, मग बोटानं वरून दाबलं. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून चमचा लाल करायची गरज नाही. खरा पोचा लांबीला १२ सेंमी आहे, म्हणजे नमुन्यावर अर्धा सेंमी. तेवढाच केला.

आता ज्या गोष्टीसाठी ही नोंद लिहितोय ती.

अंग तयार झाल्यावर नातू म्हणाला, "आता माही सीट कर." मी विचारलं, "कुठी?" त्यानं डाव्या मडगार्डवर बोट ठेवलं. म्हणाला की त्याचे दोन दोस्त त्यांच्या बापासंग तिथंच बसून वावरात जातात, मग त्यालाही तिथं बसायचं आहे, निदान खेळण्यात तरी.

मी नाही म्हटलं. आपल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणीच बसत नाही, हा घरचा नियम आहे. पण सात वर्षांच्या पोराला नियम सांगून काय कळते? त्याचं तोंड पडलं. जेवला नाही.

संध्याकाळी त्याला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. १२० सेंमी. भागिले २४, पाच सेंमी. वहीच्या पुठ्ठ्याचा पाच सेंमीचा एक पोरगा कापला, त्याला हाफ पँट काढली, तोंड काढलं. तो नमुन्याच्या मागच्या चाकाजवळ उभा केला. चाक पाच पूर्णांक चार, पोरगा पाच. चाक त्याच्यापेक्षा उंच निघालं. नातू बराच वेळ पाहत राहिला. खऱ्या ट्रॅक्टरजवळ तो रोज जातो, पण चाक आपल्याहून उंच आहे हे त्यानं असं शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

मग तो पुठ्ठ्याचा पोरगा मडगार्डवर बसवला अन् त्यालाच म्हटलं, आता बांधीवरून ट्रॅक्टर उतरव. त्यानं हातानं ट्रॅक्टर ढकलला, उशीवरून खाली आणला. पुठ्ठ्याचा पोरगा पडला अन् पडला तो चाकाच्या पुढंच. तीनदा केलं. दोनदा चाकापुढं, एकदा मागं. मागं वखर किंवा रोटाव्हेटर राहते.

मंडळी, आपण मोठी माणसं हा हिशोब करत नाही, म्हणून इथं करतो. ट्रॅक्टर रस्त्यानं ताशी वीस किलोमीटरनं चालला तर सेकंदाला साडेपाच मीटर जातो. लेकरू घसरल्याचं दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला धरा. तेवढ्यात मागचं चाक एका फेऱ्याहून जास्त फिरलेलं असते. ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ती चालवणाऱ्याची. मडगार्ड हा चिखल अडवायचा पत्रा आहे. संत्रा तोडणीच्या दिवसांत आपल्याच रस्त्यांवर दोन्ही मडगार्डवर दोन-दोन माणसं बसलेली दिसतात, त्यांच्या मांडीवर लेकरं. हे रोज दिसते म्हणून ते बरोबर ठरत नाही.

खेळण्यात सीट केली असती तर पोरगं खुश झालं असतं. पण ते खेळणं मग आपल्या घरचं राहिलं नसतं. त्याऐवजी दोन गोष्टी जास्तीच्या केल्या. एक, मडगार्डच्या वरच्या सपाट भागावर प्रो-ट्रेची बारीक पट्टी उभी लावली, म्हणजे पुठ्ठ्याचा पोरगाही बसणार नाही. दुसरी, मागं पीटीओ. बाजारच्या खेळण्यात तो नसतोच. गोळीपेनची रिफिल कापून शाफ्ट केला अन् त्यावर पट्टीचं कव्हर बसवलं. नातवाला सांगितलं, हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. "एक" म्हणेपर्यंत नऊ फेरे. दुपट्टा, धोतराचा सोगा, साडीचा पदर, काही अडकलं की माणूस ओढला जातो. म्हणून हे कव्हर. पोरानं कव्हर पिवळं रंगवायला सांगितलं, कारण खऱ्याचं पिवळं आहे. हेही त्यानंच पाहिलं होतं.

शेवटचं काम रंगाचं. यात फवारणी करणाऱ्या माणसाला शिकवायचं काही नाही, फक्त आठवण द्यायची.

आधी सगळं अंग भांड्याच्या साबणानं धुऊन वाळवलं, कारण साच्यातलं तेल अन् हाताचा चिकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग वॉटर पेपरनं पाणी लावून घासलं: आधी २२० नंबर, मग ४००, मग ८००. ओलं घासलं की धूळ उडत नाही, छातीत जात नाही. मग करड्या सरफेसरचा हात. सरफेसर मारल्याशिवाय सांधा कळत नाही. पहिल्या पावसाचं पाणी साचलं की वावराचा उंच-सखलपणा कसा दिसतो, तसं. जोडलेल्या बॉनेटवर एक बारीक रेघ दिसली, पुन्हा पुट्टी, पुन्हा ८०० नंबर, पुन्हा सरफेसर.

निळा रंग डब्याच्या स्प्रेनं. वीतभराहून थोडं लांब धरून, फवारा वस्तूच्या बाहेरून सुरू करून वस्तूवरून नेत बाहेरच थांबवायचा. ओघळ येईपर्यंत मारायचा नाही, पानावर औषध ओघळू देत नाही तसंच. तीन पातळ हात, मधे पंधरा-पंधरा मिनिटं. जाड थराचं दुसरंही नुकसान आहे. अर्धा मिलीमीटर रंग चढला तर खऱ्या ट्रॅक्टरच्या हिशोबानं तो १२ मिलीमीटरचा लेप होतो, मग बॉनेटच्या कडा, जाळी, पोचा सगळं बुजून जाते. अन् मोटारीच्या रंगाचा एनसी थिनर या प्लास्टिकला खातो, म्हणून पहिला हात तर नुसता धुक्यासारखा पाहिजे.

झडीत स्प्रे मारू नये. हवेत ओल असली की रंगावर पांढुरकी साय येते. एका दुपारी दोन तास ऊन पडलं, तेव्हा उरकून घेतलं. वाळला की नाही हे बोटानं पाहू नका, नाकाजवळ न्या. वास येतो तोवर कच्चा आहे.

रंग मारताना मी मास्क लावला, हातमोजे घातले, वाऱ्याकडं पाठ केली. नातू म्हणाला, "एवढूशा खेळण्याले कायले?" २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकड्यांनी दवाखान्यात गेले. ते त्याला सांगितलं, भीती वाटेल इतकं नाही, समजेल इतकं. लेकरू आपलं ऐकते कमी अन् पाहते जास्त. स्प्रेचा डबा असो की पाठीवरचा पंप, तोंड बांधूनच हात लावायचा, हे त्यानं एकदा पाहिलं की झालं.

बाकी बारीकसारीक कामं त्याचीच. नंबर प्लेट झेरॉक्सच्या दुकानातून लहान करून आणली, पुढं एमएच २७ दिसलं पाहिजे अशी त्याची अट. चाकांना आपल्याच वावरातली काळी माती, धोतराच्या फडक्यातून गाळून, फेविकॉलच्या पाण्यात कालवून लावली. थर पातळ ठेवला. काळी माती वाळली की आकसते अन् भेगा पडतात, त्या चोविसाव्या हिश्शात फार मोठ्या दिसतात. बारीक गाळायचं कारणही तेच: नमुन्यावरचा एक सेंमीचा ढेकूळ म्हणजे खऱ्या चाकाला पाव मीटरचा ढेकूळ.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी प्रश्न उभा राहिला. पारावरचे एक म्हातारे म्हणाले, "पोळा बैलाचा सन हाय, तिथं ट्रॅक्टर कायले?" त्यांचं म्हणणं मला पटते. ज्यांच्या खांद्यावर चार पिढ्या जेवल्या त्यांचा वर्षातून एक दिवस. निवाडा नातवाच्या आजीनं केला. आधी सागवानी बैल, त्याला बाशिंग, त्याची पूजा. त्याच्या मागं दोरीनं ट्रॅक्टर. बैलाशिवाय ट्रॅक्टर जाणार नाही. पोरगं दोन्ही ओढत गेलं.

तिथं पोरांनी घोळका केला. निळा रंग पाहिला, पोचा पाहिला, नंबर वाचला. त्याचा एक दोस्त म्हणाला, "मडगार्डवर हे कायचं उभं हाय?" नातू म्हणते, "तिथं कोनी बसाचं नाई म्हनून. चाक आपल्यापेक्षा मोठं हाय, मोजून पाय." दोन-तीन पोरं खरंच घरी जाऊन मोजणार असं म्हणत होती. त्यातल्या एकाचा बाप माझ्या बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. पण परवा तो अंजनगावच्या रस्त्यानं गेला तेव्हा पोरगं मागं ट्रॉलीत बसलं होतं. ट्रॉलीही काही माणसं न्यायची वस्तू नाही, पण मडगार्ड तरी सुटला. पुढचं पुढं बोलू.

खर्च विचाराल म्हणून: ट्रॅक्टर ३२० रुपये, सरफेसर अन् निळा मिळून स्प्रेचे दोन डबे ५००, वॉटर पेपर ६०, पुट्टी ८०, अ‍ॅसिटोन ५०. एकूण १,०१० रुपये. पाइपचं सोल्युशन, प्रो-ट्रे, रिफिल अन् माती घरची. दिवस नऊ लागले, त्यातले निम्मे वाळण्यात गेले. स्प्रेचे डबे अर्धे उरले आहेत, जवळच्या कोणाला पाहिजे असतील तर घेऊन जा.

ज्यांना करायचा आहे त्यांनी आधी पाण्याची परीक्षा घ्यावी, मग टेप घेऊन लेकरासंगच आपला ट्रॅक्टर मोजावा. लेकराचीही उंची त्याच वहीत लिहा. मागच्या चाकाच्या बाजूला लिहा.

झड उघडली आहे. सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत, खोडमाशी अन् चक्रीभुंग्यावर नजर ठेवा. पुढची नोंद संत्र्याच्या फळगळीवर.

राम राम.